सतरातून पाच

आमच्या कॉलेजच्या स्टोअररूममध्ये, मोडक्या बाकांच्या मागे, एक लाकडी फळी भिंतीला टेकवून ठेवली आहे. दाराएवढी मोठी. तिच्यावर जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधले सव्वाशेच्या आसपास रिले बसवलेले आहेत आणि मागच्या अंगाला तारांचं एवढं जंजाळ आहे की नवीन आलेले क्लार्क तिला लाइटीचा जुना बोर्ड समजतात. मी त्यांची चूक दुरुस्त करत नाही. कुठल्या तोंडानं करू? तो संगणक आहे. मी आणि एका मोटर भरणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं मिळून केलेला.

मी आष्टीला कॉम्प्युटर शिकवतो. तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनमध्ये हातात फाईल घेऊन नव्यानं उभं राहायचं. पहिल्या वर्षाला संगणकाचा इतिहास असतो, तो चार तासांत उरकायचा. त्यात एक प्रश्न हमखास येतो: स्टोअर्ड प्रोग्राम म्हणजे काय? उत्तर दोन ओळींचं. पोरं ते पाठ करतात, मी बरोबरची खूण करतो. कित्येक वर्षं असं छान चाललं होतं. मग एका वर्षी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, आज्ञा साठवतात म्हणजे नेमकं कुठं साठवतात? कशात?" मी फळ्यावर एक चौकोन काढला. ती म्हणाली, "चौकोनात?" वर्ग हसला आणि मी तिच्यावर ओरडलो. माझा स्वभावच तसा, उत्तर येत नसलं की आवाज चढतो.

घरी येऊन मात्र ती गोष्ट डोक्यातून जाईना. मी वाचायला लागलो. इंग्लंडमध्ये महायुद्ध संपल्यानंतर चार-दोन माणसांनी एका खोलीत जुन्या सामानातून एक यंत्र उभं केलं होतं. त्याला फक्त वजाबाकी यायची. बत्तीस ओळी लक्षात ठेवायचं, बस. पण त्या ओळींत आकडे होते तसे हुकूमही होते, एकाच जागी, आणि यंत्र आपले हुकूम आपणच वाचत जायचं. त्याआधी यंत्राला नवं काम द्यायचं म्हणजे तारा उपटून दुसरीकडे खोचायच्या, दिवसचे दिवस. हे मी बारा वर्षं शिकवत होतो आणि मला त्यातलं काही कळलेलं नव्हतं.

त्याच सुमारास आमच्या विहिरीवरची मोटर जळाली. ती घेऊन मी बाजाराच्या मागच्या गल्लीत चाचांच्या दुकानात गेलो. चाचा म्हणजे आष्टीतले सगळ्यात जुने मोटर भरणारे. दुकान म्हणजे एक शटर, आत तांब्याच्या तारेची रिळं, व्हार्निशचा वास आणि मधोमध चाचा, मांडीवर मोटरचं पोट उघडून. माणूस कमी बोलायचा. चालत्या मोटरला बाहेरूनच कान लावायचा आणि सांगायचा की बेअरिंग गेलंय की फेज गेलाय. त्यांचं निदान चुकलेलं मी ऐकलेलं नाही.

ते स्टार्टर तपासत होते. हिरवं बटण दाबलं, आत खट् झालं, बोट काढलं तरी स्टार्टर धरून राहिला. मी सहज विचारलं, "चाचा, बटण सोडलं तरी हा कसा काय चालू राहतो?"

"एकदा खेचला की स्वतःच्याच पॉइंटमधून स्वतःला करंट देतो, सर. लाइट जाईस्तोवर इसरत न्हाई."

मी तिथंच स्टुलावर बसलो. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या गावात प्रत्येक विहिरीवर पेटीत टांगलेलं होतं आणि मी फळ्यावर चौकोन काढत होतो. मी चाचांना घाईघाईनं सगळं सांगितलं. असे पुष्कळ स्टार्टर ओळीनं लावले तर आकडा लक्षात राहतो, आणि आकडा राहतो तसा हुकूमही राहतो. आधीच्या यंत्रांत काम तारांमध्ये असायचं, तेही सांगितलं. चाचा म्हणाले, "म्हंजे काम बदलायचं तर समदी वायंडिंग काढून परत भरायची."

"बरोबर. आणि या नव्या यंत्रात ते भरणंच नाही. फक्त लक्षात काय ठेवायचं ते बदलायचं."

त्यांनी पक्कड खाली ठेवली. "मग मशीनला कसं कळतं, आकडा कोणता अन् हुकूम कोणता?"

"नाही कळत. आपण जिथून वाच म्हणू तिथून ते वाचत जातं."

"अन् थांबतं कधी?"

"ते स्वतःच बघतं आणि थांबतं."

हा प्रश्न माझ्या एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. चाचांनी स्टार्टरचं हिरवं बटण परत एकदा दाबून बघितलं. मग म्हणाले, "चाळीस वर्षं मोटरी भरल्या सर. समद्या एकाच जागी गोल फिरल्या. अशी एक वस्तू करू या, जी स्वतः बघंल अन् थांबंल. पर लवकर करू या. मला ती डोळ्यानं बघायची हाय."

लवकर का, ते त्यांनी नट चाळवत सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाचं सांगताहेत. उजवा डोळा गेलाच होता. त्यांना वाटायचं दुकानात उजेड कमी आहे, म्हणून दोनदा बल्ब बदलला. मग नगरला डॉक्टरकडे गेले. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, डाव्यात थोडी आहे, ती किती दिवस राहील सांगता येत नाही. थेंब दिले होते.

पुढची दोन वर्षं शुक्रवारची नमाज झाली की चाचा पायजम्याच्या खिशात पक्कड घालून कॉलेजवर यायचे. रिले म्हणजे त्या स्टार्टरचीच लहान भावंडं; ते भंगारवाल्याकडून आणले होते. ते मोठ्या व्होल्टेजवर चालणारे होते. चाचांनी प्रत्येकाची गुंडाळी सोडली आणि बारा व्होल्टवर चालेल अशी पुन्हा भरली, म्हणजे यंत्र ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालेल आणि लाइट गेली तरी विसरणार नाही. सव्वाशे वेळा केसाएवढ्या तारेशी ते झगडले आणि तेही एका डोळ्यानं. मी कागदावर आकृत्या काढायचो, तारांच्या जोडांना सोल्डरचे डाग द्यायचो, निम्मे डाग कच्चे राहायचे. ते परत द्यायचे आणि मला म्हणायचे, "सर, तुमी पोरांनाच शिकवा." पोरं खिडकीतून बघून जायची. एकानं तर तोंडावर विचारलं, हे मोबाईलमध्ये एका सेकंदात होतं, मग कशाला? त्याला मी हाकलून दिलं.

आमच्या यंत्राला आठ ओळी लक्षात राहायच्या आणि चालू आकडा फळीवरच्या छोट्या दिव्यांत दिसायचा. पाच ओळी हुकूम, दोन ओळी आकडे, एक रिकामी. काम अगदी किरकोळ होतं. सतरा घे. त्यातून पाच वजा कर. उणे झालं का बघ. नाही झालं तर परत वजा कर. झालं तर थांब. हे चाचांना पटावं म्हणून मी टेबलावर सतरा नट मांडले. त्यांनी पाच उचलले, पुन्हा पाच, पुन्हा पाच. दोन उरले. चौथ्यांदा हात पुढे आला आणि तिथेच राहिला. "पुरत न्हाईत," ते म्हणाले. "हितं थांबायचं. चार फेरे." त्यानंतर ते मला कधीही कुठंही भेटले की एवढंच म्हणायचे, "चार फेरे, सर." बाजारात माणसं आमच्याकडे बघायची.

दसऱ्याच्या आधीच्या शुक्रवारी शेवटची तार जोडून झाली. दुपारचे तीन वाजले असतील. बॅटरी भरलेली होती. चाचांनी फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चालवा."

आणि मी नाही म्हणालो.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ बसलो आहे. कारण असं होतं की पाचच दिवसांवर खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. ट्रॅक्टरला हार, शिलाई मशीनला हार, कॉलेजात प्रयोगशाळेतल्या तराजूपासून प्रिंटरपर्यंत सगळ्याला हळदकुंकू. आणि पूजेला दर वर्षी संस्थेचे अध्यक्ष येतात. माझ्या मनात आलं, त्यांच्याच हातून बटण दाबावं. त्यांनी बघितलं की हा मास्तर काय करू शकतो, तर पुढच्या जूनमध्ये फाईल घेऊन उभं राहावं लागणार नाही. हे मी चाचांना सांगितलं नाही. त्यांना म्हणालो, मुहूर्त चांगला आहे. वर्गात मुहूर्तांची टिंगल करणारा मी.

"कावून थांबायचं सर? आज दिसतंय मला."

"पाच दिवसांचा तर प्रश्न आहे, चाचा."

त्यांनी फळीवरचा हात काढला. पक्कड खिशात घातली आणि गेले. त्या दुपारी खिडकीतून ऊन थेट फळीवर येत होतं. दिवे किती छान दिसले असते, असं मला आजही वाटतं.

खंडेनवमीच्या सकाळी मी फाटकावर अध्यक्षांची वाट बघत उभा होतो. जाता जाता प्रयोगशाळेच्या मामांना, म्हणजे आमच्या शिपाईमामांना, मोठ्या ऐटीत सांगून गेलो, "मामा, आपलं मशीनही पूजेत घ्या." मामा सालस माणूस. त्यांनी ते मनावर घेतलं. ओलं फडकं घेऊन सगळी फळी पुसली. मग वाटीत हळद भिजवली, कुंकू भिजवलं आणि करंगळीनं एकेका रिलेला लावलं. सव्वाशेच्या सव्वाशे. रिले उघडेच होते. त्यांच्या पात्यांमध्ये पोस्टकार्ड जाईल एवढीच फट असते, त्या फटींत.

मी बाकीच्या लोकांना घेऊन आत आलो तोवर पुढे गेलेल्या अध्यक्षांचं बोट बटणावर होतं. मला लाल-पिवळं दिसलं, मी "थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी दाबलं. सगळे रिले एकदम खडखडले, सगळे दिवे एकदम लागले आणि लागलेलेच राहिले. ओली हळद, ओलं कुंकू, सगळीकडून करंट. अध्यक्ष खूश झाले. टाळ्या वाजल्या. नारळ फुटला. प्राचार्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. एवढं मोठं अपयश आणि त्याला एवढ्या टाळ्या, असं माझ्या बाबतीत आधी कधी झालं नव्हतं. चाचा मागे दाराशी उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. गर्दी पांगल्यावर ते जवळ आले, डावा डोळा फळीला भिडवून म्हणाले, "झालं का सर?"

"नाही, चाचा. काही झालं नाही."

तेव्हा मी खरं बोललो होतो. मग मामांवर ओरडलो, वाट्टेल ते बोललो. मामा रडकुंडीला येऊन म्हणाले, "एक बी सोडला न्हाई सर. तुमीच म्हणलात ना पूजेत घ्या म्हणून." चाचांनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं. "त्येंना कावून बोलता? त्येंनी तर इज्जतच केली मशीनची." मला त्या क्षणी मामांपेक्षा चाचांचा जास्त राग आला. ते माझ्यावर चिडले असते तर मला सुटल्यासारखं झालं असतं.

मग साफसफाई. स्पिरिट आणि कापूस. पाती फडक्यानं वाकली होती, ती एकेक करून सरळ करायची, फट नेमकी ठेवायची. हे काम नजरेचं. दिवाळीपर्यंत चाचांनी निम्मे रिले केले. नंतर ते पातं डोळ्यापाशी न नेता बोटानं चाचपायला लागले. एका शुक्रवारी त्यांनी मला विचारलं, "सर, खिडकी लावली का?" खिडकी सताड उघडी होती. मी म्हणालो, "हो, वारं येत होतं." त्यानंतर ते महिनाभर आले नाहीत. उरलेले रिले मी माझ्या जाड बोटांनी केले. पाचाच्या जागी पन्नास दिवस गेले, मग शंभर, मग मोजणं सोडलं.

परीक्षा संपून कॉलेज ओस पडलं तेव्हा यंत्र पुन्हा जुळलं. मी चाचांच्या घरी गेलो. ते ओसरीवर खाटेवर बसले होते. चाचींनी चहा आणला, कप त्यांच्या हातात दिला आणि बोटं कपाच्या कानावर नीट बसवली. मी म्हणालो, "चाचा, चला. आज चालवू." ते म्हणाले, "मी येऊन काय करू आता?" मी हट्टच धरला. मला ते हवे होते. खरं सांगायचं तर मला सुटका हवी होती. "तुमी म्हणताय तर येतो," म्हणाले. माझ्या स्कूटरवर मागे बसले, माझ्या खांद्यावर हात ठेवून.

मी खुर्ची फळीसमोर मांडली. सवयीनं मांडली, दिवे दिसतील अशी. मग बॅटरी जोडली, एकेक ओळ बटणांनी भरली आणि सुरुवातीचं बटण दाबलं. रिले बोलायला लागले. सुपात धान्य पाखडावं तसा आवाज, मग क्षणभर शांत, मग परत. सतराचे बारा झाले. बाराचे सात. साताचे दोन. आणि यंत्र थांबलं.

दोनवर थांबलं. अजून एक फेरा राहिला होता. उणे झालं की नाही हे सांगणाऱ्या रिलेनं खोटंच सांगितलं होतं. मी वाकून बघितलं, त्याच्या पात्याच्या बुडाशी अजून लाल होतं, बोटाच्या टोकाएवढं.

"आलं का सर?" चाचांनी विचारलं.

कापूस खिशात होता. पुसून परत चालवायला दहा मिनिटं लागली असती. पण मला 'नाही आलं' हे त्या माणसाला दुसऱ्यांदा सांगवेना. मी म्हणालो, "आलं, चाचा. बरोबर आलं."

"मुबारक सर," ते म्हणाले. त्यांचा चेहरा फळीकडेच होता, पण जरा डावीकडे, जिथं काहीच नव्हतं.

परत सोडायला गेलो. ते गाडीवरून उतरले, हातानं फाटक शोधलं, कडी काढली. मग वळून म्हणाले, "तीनच फेरे झाले, सर."

ज्या माणसानं उभा जन्म मोटरींना कान लावण्यात घालवला, त्याच्यासमोर मी खोटं बोललो होतो. तेही आवाज करणाऱ्या यंत्राबद्दल.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच कॉलेजवर गेलो. तो रिले पुसला, सगळ्या ओळी पुन्हा भरल्या, चालवलं. सतरा, बारा, सात, दोन, उणे तीन. थांबलं. चार फेरे. शेवटचे दिवे स्वच्छ, जसे असायला हवेत तसे. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी खुर्चीवर बसून ते दिवे बघत राहिलो आणि मला जराही आनंद झाला नाही. मग धावत चाचांकडे गेलो. "चाचा, झाले! चार फेरे झाले!"

"हां सर. मुबारक." तोच आवाज, कालचाच.

माझ्या लक्षात आलं की आता मी काहीही सांगितलं तरी त्यांना ते तसंच ऐकू येणार. मी म्हणालो, "चला ना, आत्ता चला. तुमच्या कानांनी ऐका."

त्यांनी मान हलवली. रागानं नव्हे. "ऱ्हाऊ द्या सर. मला ती बघायची होती. ऐकायची न्हवती."

जूनमध्ये मला पुन्हा तासिका मिळाल्या. अध्यक्षांना यंत्र आठवतही नव्हतं. प्रयोगशाळेत नवी टेबलं आली तेव्हा फळी स्टोअरला गेली आणि नेताना मामांनी तिला नमस्कार केला. इतिहासाचे चार तास मी अजून घेतो. तो प्रश्न आला की दोन ओळी लिहून देतो.

चाचांनी शटर उघडायचं सोडलेलं नाही. जुनी गिऱ्हाइकं येतात, मोटर चालू करून दाखवतात, ते कान लावून काय बिघडलं ते सांगतात आणि भरायला दुसरीकडे पाठवतात. माझ्या घरी जायचा रस्ता त्या गल्लीतूनच आहे. माझ्या स्कूटरचा आवाज त्यांना पाठ आहे, म्हणून मी कोपऱ्यावरच इंजिन बंद करतो आणि दुकान ओलांडेपर्यंत गाडी ढकलत नेतो. कित्येक महिने मी असं केलं. मला वाटायचं, त्यांना कळत नाही.

परवा तसाच ढकलत चाललो होतो. ते शटरखाली बसलेले, तोंड रस्त्याकडे. मी श्वाससुद्धा धरून होतो.

"सर," त्यांनी आवाज दिला, "रोजच बंद पडती का गाडी? आणा हिकडं."

मी गाडी तशीच ढकलत पुढे घेऊन गेलो.